कुत्र्याच्या गोचिडावर कपाशीचे औषध नको

दुपारची कामे आटोपली की आमच्या गल्लीतील एक आजी ओट्यावर बसून काळूच्या कानातले गोचीड काढते. काळू तसे गल्लीचेच कुत्रे. पण भाकरीचा शेवटचा तुकडा त्याला या आजीच्या हातून मिळतो, म्हणून ते तिचे. आजी एकेक गोचीड बोटांनी उपटते आणि ओट्यावर खड्याने चिरडते. शेजारी बसलेला नातू मोजत असतो, "सोळा, सतरा, अठरा..." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच.

आजीची माया खरी आहे. परंतु या रोजच्या दृश्यात तीन चुका आहेत. उघड्या बोटांनी गोचीड काढणे ही पहिली. तो चिरडणे ही दुसरी. आणि कुत्र्याच्या अंगावरचे काढले म्हणजे गोचीड संपले असे समजणे ही तिसरी. या चुका आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होतात. त्यांच्याहून मोठी चौथी चूक मात्र आम्ही काही वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिली, आणि हा लेख त्या चुकीसाठीच लिहीत आहोत.

आमच्या ओळखीच्या एका घरी बाप फवारणीच्या मजुरीला जात असे. घरच्या कुत्र्याला गोचिडांनी भंडावून सोडले होते. लेकरे रात्रंदिवस त्या कुत्र्याला बिलगलेली. बापाने विचार केला आणि घरात फळीवर उरलेले कपाशीचे औषध बादलीभर पाण्यात टाकून कुत्र्याला धुऊन काढले. "कपाशीवरचे किडे मरते, त गोचीड काहून नाही मरनार?" असे त्याचे म्हणणे. गोचीड मेले. पण तासाभरात कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले आणि दिवस मावळायच्या आत ते गेले. बापाच्या स्वतःच्या हातांनाही रात्रभर आग होत होती, डोके जड झाले होते. लेकरे त्या बादलीजवळच खेळत होती. त्यांना काही झाले नाही, हे केवळ नशीब.

तो माणूस निर्दय नव्हता. त्याने जे केले ते लेकरांच्या काळजीनेच केले. त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ.

गोचीड राहतो कुठे?

आपल्याकडे कुत्र्यावर जो तपकिरी गोचीड सर्रास दिसतो, त्याला घर फार आवडते. जनावरांवरचे पुष्कळ गोचीड गोठ्यात आणि गवतात वाढतात; हा मात्र माणसाच्या घरात, भिंतीच्या भेगांत, ओट्याच्या फटींत, दाराच्या चौकटीमागे आणि कुत्र्याच्या बारदानाखाली आपला संसार थाटतो.

त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. अंड्यातून निघालेले सहा पायांचे बारीक पिल्लू, मग आठ पायांचा लहान गोचीड, आणि मग पूर्ण वाढलेला. प्रत्येक टप्प्यावर तो कुत्र्याच्या अंगावर चढतो, पोटभर रक्त पितो आणि खाली गळून पडतो. पुढची वाढ फटीत होते. रक्ताने टम्म फुगलेली, वाटाण्याएवढी करडी मादी खाली पडली की भिंतीने वर चढून एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. उष्ण हवेत हा सगळा फेरा अडीच-तीन महिन्यांत पुरा होतो. पूर्ण वाढलेला गोचीड वर्षभर उपाशीही राहू शकतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, आजीने काढलेले अठरा गोचीड म्हणजे घरात दडलेल्या गोचिडांचा लहानसा हिस्सा. दुसरे, एकदाच औषध लावून भागत नाही. फटींतले गोचीड पुढचे काही महिने एकामागून एक बाहेर येत राहणार. तितके महिने कुत्र्याच्या अंगावर औषधाचा पहारा असायला हवा. "औषध लावले, पण उपयोग झाला नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी औषध एकदाच लावलेले असते.

कुत्र्याचे दुखणे, लेकरांचा ताप

गोचीड नुसते रक्त पीत नाही, रोगही देतो. कुत्र्यांना होणाऱ्या गोचीड-तापाचे दोन मुख्य प्रकार आहेत, एहरलिकिओसिस आणि बॅबेसिओसिस. कुत्रे खाणे सोडते, अंग तापते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, कधी लघवी चहासारखी लाल-काळी होते. यांतले काहीही दिसले तर थांबू नये. पशुवैद्यक रक्त तपासून औषध देतात आणि वेळेवर नेलेली बरीच कुत्री वाचतात. एहरलिकिओसिसचे औषध तीन-चार आठवडे चालते. कुत्रे खाऊ लागले म्हणून मध्येच बंद करू नये.

माणसाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या अकोल्यातच नोंदवला गेला आहे. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांमधील रिकेट्सिया या जंतूंच्या तापावर अनेक वर्षे काम केले. २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात त्यांनी या भागातील मुलांचा अभ्यास मांडला आणि अंगावर पुरळ उठवणारा गोचिडांचा ताप लवकर ओळखता यावा म्हणून गुण देण्याची एक पद्धत सुचवली. मूल खेड्यातले आहे काय, घरी पाळीव प्राणी आहे काय, गोचिडांशी संबंध आला काय, गोचीड चावला काय, पुरळ तळहात-तळपायांवर आहे काय, पायावर सूज आहे काय, अशा प्रश्नांना त्यात गुण आहेत. म्हणजे दवाखान्यात आईने सांगितलेली "घरी कुत्रे आहे आणि त्याला गोचीड आहेत" ही एक ओळदेखील निदानाला मदत करते.

अशी पद्धत का लागली? कारण हा ताप सुरुवातीला गोवर किंवा डेंग्यूसारखा दिसतो. पहिल्या दिवसांत रक्ताची तपासणी नेहमी उत्तर देतेच असे नाही. पेनिसिलिनच्या वर्गातील नेहमीची औषधे त्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त आणि जुने औषध चालते. ते वेळेवर सुरू झाले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो.

म्हणून आमचे माता-पित्यांना सांगणे आहे. लेकराला जोराचा ताप असेल, दोन-चार दिवसांनी पुरळ उठले असेल, विशेषतः तळहातावर आणि तळपायावर, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. घरात कुत्रे, बकऱ्या, गोचीड आहेत हे आपणहून सांगा. मात्र प्रत्येक गोचिडाच्या चाव्याने ताप येतो असे नाही. चावा दिसला म्हणून घरच्या घरी गोळ्या सुरू करू नयेत, आणि घाबरून कुत्र्याला गावाबाहेर सोडून येऊ नये. कुत्रे गेले तरी फटीतले गोचीड घरातच राहतात, आणि उपाशी गोचीड माणसालाही चिकटतो.

वावरातले औषध का नको?

वऱ्हाडात कपाशी आहे, म्हणून घराघरांत फवारणीची बाटली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. धडधाकट माणूस जिथे टिकला नाही, तिथे दहा-बारा किलोचे कुत्रे काय टिकणार?

कपाशीवरची पुष्कळ औषधे कीटकांच्या मज्जातंतूंवर घाला घालतात, आणि मज्जातंतू कुत्र्यालाही आहेत, माणसालाही आहेत. हे विष कातडीतून आत शिरते. शिवाय कुत्रे अंग चाटते, म्हणजे तेच विष पोटातही जाते. लाळ गळणे, थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलटी, झटके ही विषबाधेची लक्षणे आहेत.

कोणी म्हणेल, कुत्र्याच्या थेंबाच्या पाकिटावर फिप्रोनिल लिहिले आहे आणि कपाशीच्या डब्यावरही फिप्रोनिलच लिहिले आहे, मग फरक काय? फरक मात्रेचा आणि मिश्रणाचा आहे. कुत्र्यासाठीचे औषध त्याच्या वजनाप्रमाणे मोजून, कातडीला सोसेल अशा द्रवात बनवलेले असते. शेतीच्या औषधाची तीव्रता, त्यातली इतर विषे आणि द्रावण ही सगळी झाडासाठी ठरवलेली असतात. नाव एक असले तरी औषध एक नव्हे.

रॉकेल, गाडीचे जळके ऑईल, तंबाखूचे पाणी, डांबरगोळ्या हेही तसेच घातक. ऑईलने कातडी पोळते, आणि तंबाखूतले निकोटिन हे विषच आहे. कडुलिंबाच्या तेलाने किंवा पाल्याच्या पाण्याने थोडा आराम पडतो, पण त्याचा पहारा टिकत नाही. शेळ्या-गाईंचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला मनाने टोचू नये. गोचिडांवर त्याची खात्री नाही आणि कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांचा त्याने जीव जाऊ शकतो.

चुकून विषारी औषध लागलेच, तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून कुत्र्याला साबणाच्या पाण्याने भरपूर धुवावे, चाटू देऊ नये आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. माणसाला त्रास झाला तरी बाटली सोबत न्यावी. तिच्यावरील नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

मग घ्यावे काय?

कुत्र्यांसाठी बनवलेली गोचिडांची औषधे चार तऱ्हेची मिळतात. प्रत्येकाचे गुण-दोष वेगळे आहेत.

साबण, पावडर, शाम्पू : सर्वांत स्वस्त. अंगावरचे गोचीड त्या वेळी मरतात, पण असर थोडे दिवसच टिकतो. फार गोचीड झाले असतील तर सुरुवात म्हणून ठीक. एवढ्यावर विसंबून राहू नये.

पाण्यात मिसळून लावायचे औषध : यात अमिट्राझ जास्त वापरले जाते. ते प्रभावी आहे, पण मोजमाप चुकले तर कुत्रे सुस्त पडते, नाडी मंदावते. किती पाण्यात किती औषध हे पशुवैद्यकाकडून कुत्र्यासाठी म्हणून विचारून घ्यावे. गाईचे माप कुत्र्याला लावू नये. लहान पिल्ले, गाभण कुत्री आणि मधुमेह झालेले कुत्रे यांना ते लावू नये. अंगणात, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून लावावे. उरलेले पाणी दुसऱ्या खेपेसाठी ठेवू नये.

मानेवर टाकायचे थेंब आणि गळ्यातला पट्टा : थेंब केस बाजूला सारून मानेच्या कातडीवर टाकतात. त्यांचा असर साधारण महिनाभर असतो. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये, आणि थेंब सुकेपर्यंत लेकरांना कुत्र्याजवळ जाऊ देऊ नये. औषधी पट्टा, उदाहरणार्थ फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचा, कित्येक महिने चालतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटे जातील इतका सैल बांधावा. लेकरांना तो हाताळू किंवा चघळू देऊ नये. घरी मांजर असेल तर आधीच सांगावे. कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते; कुत्र्याला ते सोसते, पण मांजर त्याने मरते.

पोटातून द्यायची गोळी : अफोक्सोलॅनर, सारोलॅनर यांचा असर सुमारे महिनाभर, फ्लुरालॅनरचा सुमारे तीन महिने. गोचीड चावला की मरतो. अंगावर काही लागत नसल्याने ज्या घरात रांगते मूल कुत्र्याशी लोळते, तिथे ही गोळी सोयीची. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सावध केले, की या वर्गातील गोळ्यांनी काही कुत्र्यांना थरथर किंवा झटके येऊ शकतात. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात. तरी आधी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नये. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला देऊ नये. मोठ्या कुत्र्याची एक गोळी आणून दोघा-तिघांत वाटू नये.

खिशाचा हिशेबही सांगतो. पाकिटाची किंमत न पाहता दिवसाचा खर्च पाहावा. समजा एक औषध ३०० रुपयांचे आहे आणि ३० दिवस टिकते, तर रोजचे १० रुपये झाले. दुसरे ९०० रुपयांचे, पण १८० दिवस टिकणारे असेल, तर रोजचे ५ रुपये. महाग दिसणारे औषध पुष्कळदा स्वस्त पडते. घेताना तीन प्रश्न विचारावे : हे कुत्र्यासाठीच आहे काय? माझ्या कुत्र्याच्या वजनासाठी आहे काय? किती दिवस टिकेल? कुत्र्याचे वजन घरीही करता येते. कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे.

दुकानात जाण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारावे. तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय आहे, आणि अकोल्यात पशुवैद्यकांना पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्थाही आहे. तो दवाखाना फक्त गाई-म्हशींचा, असा समज करून घेऊ नये.

आजीच्या तीन चुका

आता पुन्हा ओट्यावर येऊ. गोचीड काढायचा तर चिमट्याने, कातडीच्या अगदी जवळ धरून, सरळ वर ओढावा. चिमटा नसेल तर बोटांना कागद किंवा प्लास्टिक गुंडाळावे. त्यावर काडी पेटवू नये, तेल किंवा रॉकेल ओतू नये. काढलेला गोचीड चिरडू नये. त्याच्या अंगातले जंतू हाताच्या खरचटलेल्या जागेतून किंवा डोळ्याला हात लागून आत शिरू शकतात. तो साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवावा आणि हात साबणाने धुवावे. मोजणीचे काम नातवाने दुरूनच करावे.

कुत्र्याचे बारदान आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात काढून कडक उन्हात टाकावे. ओट्याच्या आणि भिंतीच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने लिंपून घ्याव्या, वर चुना द्यावा. अडगळ भिंतीपासून दूर ठेवावी. घरात औषध फवारायचेच असेल तर घरगुती वापराचे घ्यावे आणि फरशी सुकेपर्यंत लेकरे, कुत्रे, कोंबड्या बाहेर ठेवाव्या.

एका वस्तीने करून दाखवले

गल्लीत दहा कुत्री असतील आणि औषध एकालाच लावले, तर उरलेल्या नऊ जणांचे गोचीड त्याच्याकडे येणारच. यावर उपाय एका दूरच्या, आपल्यासारख्याच गरीब वस्तीने दाखवून दिला आहे.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात मूलनिवासी लोकांच्या वस्त्या आहेत. तिथे मोकळी फिरणारी कुत्री पुष्कळ. २००३ च्या सुमारास तिथे गोचिडांच्या एका जीवघेण्या तापाचे रुग्ण सापडू लागले, आणि कारण निघाले आपल्याकडे आहे तोच तपकिरी गोचीड. लेकरे दगावू लागली. २०१२ मध्ये तिथे शेकडो घरांत मोहीम झाली. प्रत्येक कुत्र्याला, घरचे असो की गल्लीचे, जास्त दिवस टिकणारा औषधी पट्टा बांधला. घराभोवती ठरावीक काळाने औषध फवारले. लोकांना घरोघर जाऊन समजावले. काही महिन्यांनी पाहिले, तर मोहिमेतील शंभरात एकाही कुत्र्यावर गोचीड दिसेना. बाहेरच्या भागात शंभरातील ६४ कुत्र्यांवर ते होते. माणसांमधील तापाचे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा ४३ टक्क्यांनी घटले.

त्यांच्यामागे सरकार आणि शास्त्रज्ञ होते, हे खरे. पण एका गल्लीपुरते हे आपणही करू शकतो. दहा घरांनी मिळून, बचत गटाच्या बायकांनी पुढाकार घेऊन, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच आठवड्यात पट्टे बांधावे. कुत्री धरलेलीच असतात, तेव्हा रेबीजची लसही त्याच खेपेला टोचून घ्यावी. पट्टा कधी बदलायचा ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आमच्या गल्लीतील आजीला आम्ही हे सारे सांगितले. ती म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाही बापा, नाहीत हात लावून कायले चिरडत बसली असती?" तिने चिमटा मागून घेतला आहे. वर्गणीच्या वहीत पट्ट्यासाठी पहिले नाव तिनेच लिहिले, तेही काळूचे.

आपल्या घरी फळीवर कपाशीची उरलेली बाटली असेल, तर ती आजच लेकरांच्या आणि कुत्र्याच्या वाटेतून उचला आणि कुलपात ठेवा. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.